समान संधी : ठराव आणि ओंजळ

पहिल्या वर्षाला असताना राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी वर्गाला एक प्रश्न टाकला होता : "समान संधी म्हणजे काय?" चार-पाच हात वर झाले आणि चौघापाचांनी जवळजवळ एकच उत्तर दिले : सर्वांना सारखे वागवणे, कोणालाही न अडवणे. सरांनी ते फळ्यावर लिहिले, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि घंटा झाली. मी शेवटच्या बाकावर गप्प होतो. उत्तर येत नव्हते असे नाही; पण प्रश्न ऐकताच मला माझी थोरली बहीण आठवली, आणि ती गोष्ट भर वर्गात उभे राहून सांगवेना. आज वार्षिकाच्या निमित्ताने ती सांगण्याचे धाडस करीत आहे. मी कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीतला. आमच्या घरात सातवीची पायरी ओलांडलेला मी पहिलाच. तेव्हा भाषेत काही उणेअधिक आढळल्यास प्राध्यापकवर्गाने ते पदरात घ्यावे.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत दर्जाची व संधीची समानता असे शब्द आहेत. पुढे कलम १४ मध्ये दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी येतात : कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात. पण पहिल्याचा अर्थ, कायदा कोणाचे तोंड पाहून बोलणार नाही. आणि दुसऱ्याचा अर्थ, ज्याची स्थिती जशी असेल तसे त्याला संरक्षण मिळेल. मला जे सांगावयाचे आहे ते सगळे या दोहोंमधल्या फटीत आहे. कलम १६ सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते, कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. मात्र मला सर्वांत जवळचे वाटते ते कलम १५. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने कोणाही नागरिकाशी भेदभाव करू नये असे ते सांगते, आणि लगेच दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेते. देशाच्या राज्यघटनेत विहिरी आणि तलाव कशाला आले, असा प्रश्न मला पहिल्या वाचनात पडला होता. त्याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. ते आपल्याच जिल्ह्यात आहे.

महाड आज रायगड जिल्ह्यात आहे; त्या काळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या लोकांना करू द्यावा, असा तो ठराव होता. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे, मित्रहो, १९२४ सालच्या महाडात कागदोपत्री पुरती समान संधी होती! कायदा कोणालाच अडवीत नव्हता. तरीही त्या ठरावाने एकाही तहानलेल्याच्या ओंजळीत पाणी आले नाही. कारण तळ्यावर जायचे तर वाटेतल्या वस्तीतून जावे लागणार, आणि परत आल्यावर त्याच गावात, त्याच लोकांच्या शेतावर मजुरी मागावी लागणार. ठरावात ती वाट लिहिलेली नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन त्या वाटेने चालत गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर काय झाले ते पाठ्यपुस्तकात थोडक्यात असते. पण ते थोडक्यात आटोपण्यासारखे नाही. परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. तळ्याचे पाणी १०८ घागरींनी 'शुद्ध' करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा काही मंडळींनी दिवाणी न्यायालयात लावला आणि मनाई मिळवली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दुसऱ्यांदा लोक जमले, तेव्हा मनुस्मृती जाळली गेली; पण तळ्याचे पाणी मनाईमुळे घेता आले नाही. खटला खालच्या न्यायालयातून वर, वरून आणखी वर असा चालत राहिला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की स्पृश्यांचा असा कोणताही अनादि हक्क सिद्ध होत नाही. (निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली तेच. इतिहास कोणाकडून काय करवून घेईल सांगता येत नाही!) बोले ठरावापासून या निकालापर्यंत मोजली तर चौदा वर्षे होतात. चौदा वर्षांत लहान मूल बाप्या होते.

यावरून माझ्या मनाशी मी एक व्याख्या केली. न अडवणे ही समान संधी नव्हे. ती परवानगी झाली. परवानगी आणि संधी यांच्यामध्ये जी वाट असते ती चालता येणे म्हणजे संधी.

आता अडवणारा माणूस समोर काठी घेऊन उभा असला तर भेदभाव ओळखणे सोपे. परंतु कित्येकदा तो दिसतच नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून माती उपसणारे यंत्र वर जाऊ शकले नाही. बचावाचे लोक फावडी घेऊन डोंगर चढले. त्याच तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. ठाकर समाजाची ती वस्ती मुद्दाम कोणी रस्त्यावाचून ठेवली असे मला म्हणावयाचे नाही. 'आदिवासींना रस्ता देऊ नये' असा नियम कोठेही लिहिलेला नाही. पण नियम लिहिलेला नसतानाही निकाल मात्र लिहिल्यासारखाच लागला. आश्रमशाळेत राहत असलेली काही मुले त्या रात्री वाडीत नव्हती म्हणून वाचली, एवढे येथे नमूद करतो.

आता बहिणीची गोष्ट. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचे शाळेत नाव उशिरा घातले गेले, त्यामुळे आम्ही दोघे एकाच वर्षी पहिलीत बसलो. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत, गुरुजी चांगले. पाटी, पुस्तक, गणवेश, दुपारची खिचडी हे सगळे दोघांना सारखे. हजेरीपटावर आमची नावे एकाखाली एक होती. समान संधीचे चित्र काढायचे झाले तर ते पान दाखवावे.

आमच्याकडे पावसाळ्यात लावणीची मजुरी असते, नंतर काही नसते. मग आषाढ-श्रावणात वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घ्यायची, आणि दिवाळी झाली की ट्रक येतो. भांडी, कोंबड्या, पोरे घेऊन माणसे भिवंडीकडे किंवा आणखी लांब भट्टीवर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. मजुरी हजार विटांवर. मध्यरात्रीनंतर उठून चिखल मळायचा आणि साचे मारायचे. आम्ही तिसरीत असताना आईला नुकतेच मूल झाले होते. भट्टीवर त्याला सांभाळायला कोणीतरी हवे होते. आजी वाडीत राहत असे; एका नातवंडाला मी भाकरी घालीन, दोघांना नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. तिचेही बरोबर होते. झोपडीत तांदूळ किती आहेत हे तिलाच ठाऊक.

मी राहिलो, ताई गेली. यावर घरात पाच मिनिटेसुद्धा चर्चा झाली नाही. ती अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होती. पाढे तीच मला म्हणून दाखवीत असे. पण मूल सांभाळण्याचे काम मुलीचे, हे आईला, बापाला, आजीला आणि खुद्द ताईलाही इतके उघड होते की प्रश्नच उपस्थित झाला नाही. मलाही झाला नाही. मी त्या दिवशी ट्रकमागे थोडे धावलो आणि मग खेळायला गेलो.

पटावर तिचे नाव पुढची दोन वर्षे होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नव्हते, त्यामुळे कागदावर ती चौथीत गेली, पाचवीतही गेली. प्रत्यक्षात ती तिसरीच्या दिवाळीला शाळेबाहेर पडली ती पडलीच. कलम १५ राज्याला बांधते, आमच्या झोपडीला नाही. म्हणून या गोष्टीत कायद्याचा भंग कोठे झाला हे मला आजही दाखवता येत नाही. एवढे मात्र दाखवता येते की मला मिळालेल्या संधीचे पैसे तिने भरले. भेदभावाविषयी लिहिताना तो करणारा नेहमी कोणी दुसराच असतो असे समजून लिहिणे सोयीचे असते. मला ती सोय नाही.

असो. उचलीचा विषय निघालाच आहे तर येथे भाई कोतवालांचे स्मरण होते. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मून ते वकील झाले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे आपल्या तालुक्यात शाळकरी पोरही सांगेल. पण त्यांनी गोरगरिबांसाठी शाळा काढल्या आणि त्याबरोबर धान्याच्या कोठ्याही चालवल्या, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शाळेचा आणि धान्याचा संबंध काय? ज्याने आमची उचल पाहिली आहे त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. नंतरच्या काळात ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' भरवल्या. मूल शाळेपर्यंत येत नाही तर शाळेने मुलापर्यंत जावे, असा तो विचार. वाट कमी करण्याचे हे दोन प्रकार झाले.

सर्वांना एकच नियम लावला आणि तरी एकाच बाजूचे लोक गळत गेले, तर त्याला काय म्हणावे? न्यायालयांच्या भाषेत याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. अमेरिकेत ड्यूक पॉवर नावाच्या वीज कंपनीत काळ्या कामगारांना फक्त सर्वांत हलक्या पगाराच्या विभागात घेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तसे उघड करता येईना. पण वरच्या विभागांसाठी हायस्कूलचे प्रमाणपत्र आणि लेखी चाचण्या यांची अट होती. अट गोऱ्यालाही तीच, काळ्यालाही तीच. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज खटल्यात सांगितले की ज्या अटीचा कामाशी संबंध नाही आणि जी एका समाजाला बाहेर ठेवते, ती हेतू वाईट नसला तरी चालणार नाही. गंमत अशी की त्या निकालपत्रात कोल्हा आणि करकोचा यांच्या गोष्टीचा उल्लेख आहे. ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे : कोल्ह्याने करकोच्याला जेवायला बोलावले आणि पसरट ताटलीत खीर वाढली. ताटली दोघांना सारखीच होती! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मार्च २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नीतिशा यांच्या खटल्यात स्वीकारले. लष्करातल्या पुरुष अधिकाऱ्यांची कायम नेमणुकीसाठी जी शारीरिक तपासणी तरुणपणी झाली होती, तीच कसोटी स्त्रियांना कितीतरी वर्षे उशिरा, चाळिशीच्या पुढेही लावली जात होती. अट एकच; वय निराळे.

माझ्या वाट्याला आलेली ताटली म्हणजे जातीचा दाखला. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचा १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. विमुक्त-भटक्यांसाठी हे वर्ष १९६१ आहे आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७. सर्वांत चालणारा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. माझ्या एका वर्गमित्राने (तो दुसऱ्या प्रवर्गातला) आजोबांच्या ट्रंकेतून तो एका दुपारी काढून आणला. आजोबा मुख्याध्यापक होते. माझे पणजोबा खैराचा कात पाडीत. जे शाळेत गेलेच नाहीत ते शाळा सोडतील कशी? शेवटी गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत एक नोंद सापडली, तिच्यात जमात 'काथोडी' अशी होती आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'कातकरी'. खिडकीवरच्या माणसाने दोन्हींखाली लाल रेघ ओढली. वास्तविक सरकारी यादीत ही दोन्ही नावे एकाच नोंदीत शेजारी शेजारी आहेत. ते दाखवून देईपर्यंत माझ्या सात खेपा झाल्या, आणि त्यांतल्या चार खेपांना बापाची मजुरी बुडाली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही तपासणी नसावी असे माझे म्हणणे नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा घेतल्याची प्रकरणे आपल्या राज्यात पुष्कळ झाली. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत ठरवून दिली ती त्यामुळेच. म्हणजे ही चाळणी आमच्याच रक्षणासाठी आहे. पण जी चाळणी चोराला अडवते, ती आधी ज्याच्याजवळ कागद नाही त्याला अडवते. आणि आमच्यात कागद नसणे हीच खरेपणाची खूण आहे. घरी येऊन बोली, देव, लग्नाच्या रीती विचारून चौकशी करण्याची तरतूद नियमांत आहे. कागद नसेल तेथे ती शेवटी न येता आधी यावी, एवढीच माझी सूचना आहे.

दाखला मिळाला, प्रवेश झाला, आणि कॅन्टीनमध्ये पहिल्याच महिन्यात एका मित्राने सहज म्हटले, "तुझं बरं आहे, तुला राखीव जागा आहे." त्याने दुष्टपणाने म्हटले नव्हते, म्हणून मीही चहा सांडला नाही. पण त्याला उत्तर द्यावयाचे राहिले होते ते येथे देतो. राखीव जागा म्हणजे समानतेच्या नियमाला पाडलेले भोक, असे अनेकांना वाटते. सुरुवातीला न्यायालयालाही काहीसे तसेच वाटत होते; १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासच्या महाविद्यालयांतील जागावाटप रद्द झाले, आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. परंतु १९७५ साली एन. एम. थॉमस खटल्यात बहुतेक न्यायमूर्तींनी असे मत दिले की राखीव जागा हा समान संधीला अपवाद नाही, तर समान संधी देण्याचाच तो एक मार्ग आहे. शाहू महाराजांनी हे त्याहून पुष्कळ आधी ओळखले होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. दोन्ही केले, हे महत्त्वाचे. नोकरीची खुर्ची राखून ठेवली आणि तिथपर्यंत येणारी वाटही बांधायला घेतली.

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा आहेत आणि त्यांत चाळीसहून अधिक जमाती येतात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या त्यांतल्या तीन जमाती शासनाने विशेष दुर्बल मानलेल्या आहेत. ज्याच्या घरी दोन पिढ्या शाळा आहे तो आणि ज्याच्या घरी उचल आहे तो, दोघेही त्या ७ टक्क्यांच्या एकाच रांगेत उभे राहतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या बाबतीत आतले उपवर्गीकरण करता येते असा निकाल दिला. त्यावर वाद चालू आहे आणि त्यात दोन्हीकडे विचार करण्यासारखे आहे. माझ्या मित्राला मात्र मी एवढेच विचारीन : माझ्याबरोबर तिसरीत असलेल्या आमच्या वाडीतल्या आठ मुलांपैकी या राखीव जागेपर्यंत मी एकटा आलो. उरलेल्या सातांची जागा कोणी घेतली म्हणायची?

लेख येथपर्यंत लिहून झाला तेव्हा गणपती होऊन गेले होते. ज्या तान्ह्या मुलासाठी ताई भट्टीवर गेली, ती माझी धाकटी बहीण आता अकरा वर्षांची आहे आणि गावच्या शाळेत पाचवीत बसते. तिच्या दाखल्याची अडचण उरलेली नाही. सख्ख्या भावाचा दाखला पुरावा म्हणून जोडता येतो, त्यामुळे माझ्या सात खेपांतल्या निदान पाच तरी तिच्या वाचतील. पण आजी या पावसाळ्यात गेली. दिवाळीनंतर ट्रक येईल तेव्हा धाकटीला कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न घरात निघाला आहे, आणि या वेळी तो निदान निघाला तरी आहे. वसतिगृहाचा अर्ज भरला आहे, यादी लागलेली नाही. ताई तिच्या नवऱ्याबरोबर भट्टीवरच जाणार. "तिला माझ्यासारखी नेऊ नका," एवढेच ती आईला म्हणाली. मी वाडीत तिच्याजवळ राहायचे म्हटले तर माझी एसटी पहाटे सहाला आणि तिची शाळा साडेदहाला; संध्याकाळी दुकानातले काम संपवून परतायला मला आठ वाजतात. सकाळचे दोन तास सोडले तर एक विषय बुडतो. तो राज्यशास्त्राचा आहे. सरांना अजून विचारलेले नाही.